बटाट्याचा दाट रस्सा दरवेळी फाटतोय, नाहीतर बटाटा कडक राहतोय? आधी आंबट बघा

हा प्रश्न इतक्या जणींनी, आणि अलीकडे जणांनी पण, विचारलाय की एकदाच नीट लिहून टाकते. दही, साय, काजू घालून केलेला बटाट्याचा दाट मसालेदार रस्सा, हॉटेलात मिळतो तसला, पुरीबरोबर नाहीतर जिरा राईसबरोबर खातो तो. घरी केला की एकतर फाटतो, वर पांढरे कण आणि खाली पाणी, नाहीतर रस्सा छान जमतो पण बटाटा आत कडक, मग तो शिजेपर्यंत उकळत बसलं की जमलेला रस्सा पण फाटतो. लोक म्हणतात साय कमी पडली, दही बरोबर नव्हतं, पाकिटातलं क्रीम आणायला पाहिजे होतं. क्रीमचा फारसा संबंध नाही हो. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आंबट. कढईत किती आंबट गेलं आणि कधी गेलं, एवढं सांभाळलं की नव्वद टक्के काम झालं.

पण पहिल्यांदा हे बघा की रस्सा खरंच फाटलाय का. वर लालसर तेल तरंगतंय आणि खालचा रस्सा एकसारखा दाट आहे, पळी फिरवली की परत मिळून येतोय, तर तो फाटलेला नाही, ते मसाला नीट परतल्याचं तेल आहे आणि आपल्याकडं तर तो कट दिसल्याशिवाय कुणी रश्शाला रस्सा म्हणत नाही. फाटलेला रस्सा ओळखायचा असेल तर पळीत थोडा घेऊन पळी तिरकी करा, बारीक पांढरे कण पळीला चिकटून राहतात आणि त्यांच्या मधून पातळ पिवळट पाणी ओघळून जातं. वाटण जाड राहिलं तरी कण दिसतात, पण चिमटीत दाबून बघा, काजूचा कण टणक लागतो, दह्यादुधाचा मऊ. हे आधी तपासा, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि बऱ्याच जणी तेलाचा तवंग बघूनच घाबरतात आणि वर आणखी क्रीम ओतत राहतात.

आता फाटतो का ते. कुंदा ही आपल्या बेळगावची दुधाची मिठाई, तो करताना उकळत्या दुधात थोडं दही घालतात, मुद्दाम, दूध फुटून रवाळ व्हावं म्हणून, आणि मग ते आटवत नेतात. तुम्ही कढईत दोन-तीन टोमॅटो परतून त्यावर दूध नाहीतर दही ओतून खळखळ उकळी आणता तेव्हा कुंद्याचीच पहिली पायरी करताय की. दुधात केसीन नावाचं प्रोटीन असतं, साध्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त) ६.६-६.७ असतो तोवर ते दुधात एकसारखं पसरून राहतं, आंबट वाढत जाऊन पीएच ४.६ च्या आसपास आला की ते गोळा होऊन पाण्यापासून वेगळं होतं. हे झालं थंड दुधाचं. दूध गरम असेल तर एवढ्या आंबटाचीसुद्धा गरज नसते, त्याच्या बऱ्याच आधी फुटतं. दह्याचं तर आधीच विरजण लागून प्रोटीन धरलेलं असतं, त्याला जोराची उकळी दिली की ते आणखी आवळतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं. म्हणजे आंबट आणि आच, दोघं मिळून फाडतात. थोडं आंबट एकटंच असेल तर निभावतं, एकटी आच असेल तरी निभावतं, म्हणून तर साधं दूध आपण रोज उकळतो.

टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतला की त्याचा आंबटपणा जातो असं सगळीकडं सांगतात, त्यावर विसंबू नका. परतल्यानं पाणी जातं, कच्चा वास जातो, गोडसर चव येते म्हणून जिभेला आंबट कमी लागतं, पण आंबट कढईतच असतं, उलट घट्ट होऊन बसलेलं असतं. म्हणून माझा नियम सरळ आहे, एका कढईत एकच आंबट. दह्याचा रस्सा करायचा तर टोमॅटो घालायचाच नाही, रंगाला ब्याडगी मिरची आहे की. टोमॅटोचा करायचा तर दही नाही, काजूचं वाटण आणि शेवटी थोडं क्रीम. दोन्ही पाहिजेच म्हणणाऱ्यांनी अर्धाच टोमॅटो घ्यावा आणि दही अगदी ताजं, गोड. आणि आमचूर, लिंबू, चाट मसाला हे सगळं वाढताना, कढईत नाही.

गुळाचं पण लक्षात ठेवा. आपल्याला भाजी-आमटीत गुळाचा खडा टाकायची सवय आहे आणि गुळाच्या खिरीत गरम दूध घातलं की ते फाटतं हे पण आपल्याला माहीत आहे, तरी रश्शात मात्र साय घालून झाल्यावर हात गुळाच्या डब्याकडं जातो. दुधासायीच्या रश्शाला गोडवा पाहिजे असेल तर चिमूटभर साखर घाला.

माझी धाकटी जाऊ खानापूरला असते, स्वयंपाकाला चांगली आहे, पण हा रस्सा तिचा जमायचाच नाही. पावसाळ्यात एकदा फोन, “अक्का, रस्सा परत फाटूलालाय बघा की, टोमॅटो घातला नाही, दही घातलं नाही, नुसती साय घातल्ये घरची.” मी विचारलं, साय कालची काय? तर म्हणाली, लोण्याला साठवलेल्या डब्यातली. झालं. तो डबा आठवडाभर फ्रीजमध्ये असतो, रोजची साय त्यात पडत जाते, वर लोणी चांगलं निघावं म्हणून त्यात चमचाभर दही पण टाकलेलं असतं, म्हणजे ती साय राहिलीच नाही, ते सायीचं दही झालं. ते थंडगार तसंच उकळत्या रश्शात पडलं तर काय होणार! तिला सांगितलं की त्या दिवशीच्या दुधाची साय काढ, वाटीत घेऊन चमच्यानं फेटून एकजीव कर आणि गॅस बंद करून घाल. हे मी मुद्दाम इथं सविस्तर लिहिलंय कारण घरोघरी साय तीच असते, लोण्याच्या डब्यातली, आणि “मी काहीच आंबट घातलं नाही” असं म्हणणाऱ्या बहुतेक जणींचा घोळ तिथंच असतो. साय घालायच्या आधी वास घ्या, चाखून बघा, किंचित जरी आंबूस असेल तर तिला दही समजून वागवा.

पाकिटातलं क्रीम त्या मानानं दमाचं असतं. साधं मिळतं ते २५ टक्के फॅटचं, फॅट जास्त आणि प्रोटीन कमी म्हणून ते लवकर फाटत नाही. दुधाचं उलट. नंदिनीचं निळं पाकीट म्हणजे टोन्ड दूध, ३ टक्के फॅट, चहाला ठीक, या रश्शाला नको, फुल क्रीम ६ टक्क्यांचं घ्या. फॅट नसलेलं डाएट दही पण या कामाला बिनउपयोगी.

आता बटाटा कडक का राहतो. आमटीत चिंचेचा कोळ डाळ शिजल्यावरच घालायचा हे आपल्याला आईनं शिकवलेलं असतं, आधी घातला तर डाळ शिजता शिजत नाही. बटाट्याचं तेच आहे. बटाट्याच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात, गरम पाण्यात ते पेक्टिन सुटत जातं म्हणून बटाटा मऊ होतो, आणि पाणी आंबट असलं की ते सुटायला फार वेळ लागतो. खात्री करायची असेल तर एकाच बटाट्याच्या सारख्या फोडी करा, अर्ध्या साध्या पाण्यात, अर्ध्या टोमॅटोच्या पाण्यात, एकाच वेळी दोन शेगड्यांवर ठेवा, साध्या पाण्यातल्या फोडीत सुरी आरपार जाते तेव्हा दुसरी मधे अडते. मग कच्चा बटाटा थेट टोमॅटोच्या नाहीतर दह्याच्या रश्शात टाकून झाकण ठेवणारे जे व्हिडिओ आहेत ते बघून करणाऱ्याचा बटाटा कसा शिजणार? आणि शिजला नाही म्हणून उकळत ठेवणार, आणि रस्सा फाटणार. म्हणून म्हटलं, दोन तक्रारी पण मूळ एक.

वर आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, इथं उघड्या पातेल्यातलं पाणी शंभराच्या अडीचेक अंश आधीच उकळतं, त्यामुळं मुंबई-गोव्याकडच्या रेसिपीत लिहिलेल्या मिनिटांपेक्षा थोडा वेळ जास्तच धरा. मिनिटं बघू नका, सुरी घालून बघा.

बटाटा कुठला घेताय याचा पण फरक पडतो. गणपती-दसऱ्याच्या सुमाराला कडोली, अगसगे, उचगाव या भागातला जवारी, म्हणजे गावठी, बटाटा बाजारात येतो, ताजा, साल पातळ, पाणी जास्त, तो फुटत नाही, रश्शात फोडी अखंड राहतात, मला या रश्शाला तोच आवडतो. बाकी वर्षभर मार्केट यार्डात आग्रा आणि इंदूरचा असतो. कोल्ड स्टोरेजमधला बटाटा कधीकधी गोड लागतो, रश्शात कितीही तिखट घाला, घासाच्या शेवटी गोडच. गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते म्हणून. तो आणल्या आणल्या वापरू नका, टोपलीत, अंधारात, बाहेरच आठ-पंधरा दिवस राहू दे, बरीचशी साखर परत स्टार्च होते. फ्रीजमध्ये तर बटाटा कधीच ठेवू नका. हिरवट झालेला असेल तर हिरवा भाग जाड काढून टाका, फार हिरवा असेल तर बटाटाच टाका, तो कडू लागतो आणि पोटालाही चांगला नाही.

फोडी विरघळून रश्शाचा गिचका होतो असंही काही जणी म्हणतात. बटाटे सालासकट, मीठ घातलेल्या गार पाण्यातच चढवून उकडा, आणि पूर्ण गार झाल्यावर सोला. गरम सोलून गरम कापले की फुटणारच. गार झाल्यावर बटाटा घट्ट होतो, आदल्या रात्री उकडून ठेवलेला तर आणखी चांगला. मग थोड्या तेलात त्याच्या फोडी सोनेरी परतून बाजूला काढा, हे मात्र टाळू नका, त्या परतलेल्या कडेमुळं फोड रश्शात टिकते आणि चव पण दसपट वाढते.

तर मी करते ते असं. अर्धा किलो बटाटा, वरच्यासारखा उकडून परतलेला. दोन मध्यम कांदे, दहा-बारा काजू, चमचाभर खसखस. काजू-खसखस गरम पाण्यात अर्धा तास भिजत टाकायचे, खसखस तर नीट भिजल्याशिवाय मिक्सरमध्ये फिरतच राहते, वाटली जात नाही, आणि मग तिचे कण रश्शात कचकच लागतात. कांदा उभा चिरून तेलात तांबूस परतायचा, आलं-लसूण, तीन-चार ब्याडगी बिया काढून भिजवलेल्या, आणि तिखटपणाला एखादी संकेश्वरी, ही जपून, एकटी सगळा रस्सा पेटवते. सगळं गार करून काजूबरोबर गंधासारखं वाटायचं. ब्याडगीची साल नीट वाटली जात नसेल तर वाटण गाळणीतून घासून घ्या, हॉटेलच्या ग्रेव्हीचा तो गुळगुळीतपणा निम्मा गाळणीचा असतो.

तेलात जिरं, तमालपत्र, दोन लवंगा, मग वाटण. आता इथं घाई करू नका. वाटण आधी फटफट उडतं, ते पाण्याचं उडणं असतं, झाकण अर्धं ठेवा आणि बारीक गॅसवर परतत राहा. मग उडायचं थांबतं, आवाज बदलतो, तळल्यासारखा चर्र आवाज यायला लागतो, वाटण कढईची कड सोडून गोळा व्हायला लागतं आणि बाजूनं लाल तेल दिसतं, कच्च्या कांद्याचा वास पूर्ण जाऊन खमंग वास येतो. तेव्हा हळद, धनेपूड, गरम मसाला घालून मिनिटभर, आणि लगेच कपभर गरम पाणी. गार पाणी नको. बटाटा घाला आणि पाच-सात मिनिटं मस्त उकळू द्या, जी काय खळखळ उकळी द्यायचीय ती इथंच देऊन घ्या, कारण अजून दही घातलेलं नाही, फाटायला काही नाहीच.

मग दही. वाटीभर, ताजं, घट्ट, फ्रीजमधून आधी काढून ठेवलेलं. त्यात सपाट चमचाभर बेसन घालून गुठळी न राहता फेटा. कढीला बेसन लावतो ते नुसतं दाटपणाला नाही, बेसनातला स्टार्च प्रोटीनच्या कणांच्या मधे राहतो आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून कढी उकळली तरी टिकते. तेच इथं. आता कढईतला गरम रस्सा पळी-पळीनं दह्याच्या वाटीत घाला आणि ढवळा, तीन-चार पळ्या गेल्या की दही कोमट होतं. मग गॅस अगदी बारीक करून ते दही धारेनं कढईत, दुसऱ्या हातानं ढवळणं चालूच, आणि एक-दोन बुडबुडे येईपर्यंत ढवळत राहायचं. बेसनाचा कच्चेपणा जायला चार-पाच मिनिटं मंद आचेवर लागतात, तेवढी द्या. झाकण ठेवू नका, झाकणाखाली आच कधी वाढते कळत नाही. मीठ शेवटी चाखून, बटाट्यात थोडं असतंच. कसुरी मेथी हातावर चुरडून. गॅस बंद. मग दोन चमचे ताजी फेटलेली साय नाहीतर क्रीम, ढवळा, संपलं.

नारळाच्या दुधात करणाऱ्यांना वेगळं सांगते, ते आंबटापेक्षा उकळीनं जास्त फुटतं, त्यातलं तेल वेगळं होतं. पातळ दुधात बटाटा शिजवा, घट्ट दूध शेवटी घालून नुसतं गरम करा.

एवढं करूनही फाटलाच, पाहुणे दारात आहेत, तर टाकून देऊ नका, दूध-दही मुळात नासलेलं नसेल तर फाटलेला रस्सा खायला काही वाईट नाही, नुसता दिसायला आणि जिभेला बरा नाही. गॅस ताबडतोब बंद करा, ढवळत बसू नका. बटाट्याच्या फोडी झाऱ्यानं बाहेर काढा, रस्सा कोमट होऊ द्या, मग त्यातलीच एक बटाट्याची फोड आणि पाच-सहा भिजवलेले काजू घालून मिक्सरला फिरवा. गरम रस्सा मिक्सरमध्ये कधी फिरवायचा नाही, वाफेनं झाकण उडून हात भाजतो. बटाटा एकच फोड, जास्त नाही, जास्त फिरवला की रस्सा खळीसारखा चिकट होतो. परत कढईत घालून बारीक गॅसवर नुसता गरम करा. आधीइतका रेशमी होणार नाही पण मिळून येतो, पाहुण्यांना कळत नाही. काहीजणी चिमूटभर खायचा सोडा टाकतात, त्यानं आंबट मरतं हे खरं, पण फुटलेले कण परत जुळत नाहीत आणि रश्शाला साबणासारखी चव येते, मी तो उपाय कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी गरम करताना फाटतो ही शेवटची तक्रार. रात्रभरात बटाटा रस्सा पिऊन बसतो, सगळं आळून घट्ट होतं, आणि आपण घाईत मोठ्या गॅसवर ठेवतो, खालचं उकळतं नि वरचं गारच असतं. पसरट भांड्यात काढा, दोन-तीन चमचे गरम पाणी घालून सैल करा, बारीक गॅसवर ढवळत वाफ येईपर्यंतच. मायक्रोवेव्ह असेल तर कमी पॉवरवर, मधेमधे काढून ढवळत. सगळाच्या सगळा गरम करू नका, लागेल तेवढाच काढा. आणि डब्याला द्यायचा असेल तर दही-सायीचा देऊच नका, काजू आणि मगजबीचा करा, त्यात दूधदही नसल्यानं ऑफिसात कुणी कसाही गरम केला तरी फाटत नाही.